जुन्या बाजाराची मापं घेणारे तुरकरभाऊ

श्री. सदाराम तुरकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तेव्हा. नोकरी त्यांनी दिली नाही.

माझं माहेर देवरीकडचं. लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीला आले तेव्हा माझ्याजवळ शिवणकामाचं प्रमाणपत्र होतं आणि आईनं दिलेलं पायानं चालवायचं मशीन होतं. मशीन घरात होतं, पण गिऱ्हाईक घरापर्यंत येत नव्हतं. गोंदियाच्या जुन्या बाजारात तुरकरांचं कापडाचं दुकान नावाजलेलं. तिथे काउंटरमागे उभं राहायचं काम मिळेल का, हे विचारायला मी एका दुपारी गेले. ते ब्लाउजपीसचा गठ्ठा सोडत बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिवता येते ना तुले? मंग कापड दाखवाचं काम कायले पाहून राहिली? समोरचा ओटा रिकामा हाये. मशीन आणून ठेव."

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर मशीन घालून आणलं. तेव्हापासून पंचवीसेक वर्षं मी त्या ओट्यावर बसले. भाऊंच्या अमृतमहोत्सवाच्या या गौरवग्रंथात त्यांच्या बाजारातल्या कामाविषयी मी लिहावं, असं संपादक मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. आमच्या व्यापारी मंडळाची सहचिटणीस असले तरी मी मुळात ब्लाउज शिवणारी बाई. पण भाऊंना जवळून पाहायची जागा मला मिळाली तशी दुसऱ्या कोणाला मिळाली नसेल, म्हणून लिहिते आहे.

भाऊ कापड मोजत ते पाहण्यासारखं असे. काउंटरला ठोकलेल्या पितळी पट्टीजवळ ते कापड नुसतं सोडत, ओढत नसत. सुरुवातीला मला वाटायचं, यात त्यांचं दर मीटरला बोटभर कापड जास्त जातं. एकदा मी तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "ताणून मोजलं तं कापड घरी जाऊन आकसते. गिऱ्हाईक मंग दुसऱ्यांदा येत नाही." व्यापाऱ्यांशी ते हिंदीत बोलत, शेतकऱ्यांशी पोवारीत, आणि जंगलपट्टीतून आलेल्या बायांशी गोंडीतले दहा-वीस शब्द जुळवून बोलत. ते शब्द चुकले की बाया हसत आणि दुरुस्त करून देत. भाऊ तेवढ्याच गांभीर्यानं तो शब्द पुन्हा म्हणून पाहत.

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी दीड महिना माहेरी होते. शिवायला घेतलेले ब्लाउज तसेच पडून होते आणि गिऱ्हाइकं आता दुसरीकडे जाणार, या काळजीनं मला माहेरी झोप लागत नव्हती. परत आले तर माझं मशीन भाऊंच्या दुकानात आत ठेवलेलं, वर चादर घातलेली. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नींनी, प्रत्येक ब्लाउजला नावाची चिठ्ठी टाचली होती. जी बाई विचारायला येई तिला भाऊ सांगत, "पोरगी बाळंतपणाले गेली. माप तिच्याच डोक्यात हाये, थांबा लागते." आणि बाया थांबल्या. एकही ब्लाउज परत गेला नाही.

आता ज्या गोष्टीमुळे गेल्या काही वर्षांत भाऊंचं नाव गावभर झालं, आणि ज्या गोष्टीनं त्यांची झोप उडाली, तिच्याकडे येते.

आमच्या बाजाराची इमारत जुनी. पावसाळ्यात छताला ओल येई, पोपडे पडत. आम्ही वर पाहत नसू. नवी बहुमजली बाजारपेठ होणार, खाली गाड्या लागणार, सरकता जिना येणार, अशा गोष्टी अधूनमधून निघत आणि विरून जात. एके दिवशी भर दुपारी भाऊंच्या दुकानाच्या दारात छताचा मोठा तुकडा सुटला आणि खाली उभ्या असलेल्या फुलमाबाईंच्या खांद्यावर पडला. फुलमाबाई देवरीच्याही पलीकडच्या एका गावातल्या, वर्षातून दोनदा लुगडं घ्यायला येणाऱ्या. मी माझ्या मशीनवरून उठेपर्यंत भाऊंनी त्यांना दोन्ही हातांनी धरून बाहेर काढलं होतं. दवाखान्यात आम्ही दोघंही गेलो. हाड मोडलं होतं. भाऊ पुन्हा पुन्हा माफी मागत होते. फुलमाबाईंनी चांगल्या हातानं पदर सावरला. मग म्हणाल्या, "दुकान चांगलं हाये तुमचं. छत खराब हाये."

त्यानंतर भाऊ बदलले. मंडळाचे अध्यक्ष म्हणून तोवर ते इमारतीच्या प्रश्नावर सावध बोलत. आता त्यांनी सभा बोलावली आणि इमारत पाडायलाच हवी असं उभं राहून सांगितलं. सभेत एकदम कालवा झाला. दुसऱ्या गावांतून ऐकलेल्या गोष्टी लोक सांगू लागले. कुठे बाजार पाडला आणि दुकानदार वर्षानुवर्षं टिनाच्या शेडमध्ये अडकले. कुठे नवी इमारत झाली, पण जुन्यांना तिसऱ्या मजल्यावर गाळे मिळाले आणि तिथे कोणी चढेना. भाऊंच्या शेजारचे भांड्यांचे व्यापारी किशनलालजी सर्वांत संतापले होते. दोघांची चाळीस वर्षांची मैत्री. किशनलालजी म्हणाले, "भाईसाहब, एक बार उठ गए तो फिर बैठने नहीं मिलेगा."

भाऊ म्हणाले, "और नहीं उठे, तो किसी दिन यहाँ से किसी को उठाना पड़ेगा."

त्या दिवसापासून किशनलालजींनी भाऊंशी बोलणं सोडलं.

भाऊंना किशनलालजींची भीती खोटी वाटत नव्हती, हे मला माहीत आहे. त्या सभेनंतर ते ओट्यावर माझ्या बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, "किसनलाल चुकीचं नाही बोलून राहिला. पर त्याच्या दुकानात कोणाच्या अंगावर काही पडलं नाही अजून." मग त्यांनी मला विचारलं, "वनिता, त्या लोकायच्या यादीत तुहं नाव हाये का?"

माझं नाव नव्हतं. नव्या इमारतीत कोणाला जागा द्यायची याची यादी करायला नगरपालिकेच्या कार्यालयाची माणसं येऊन गाळ्यांवर लाल रंगात आकडे टाकून गेली होती. ओट्यावर बसणारे कोणीच त्यात नव्हते. बांगडीवाली नव्हती, चांभारकाम करणारे काका नव्हते, चारोळी आणि हिरडा घेऊन बसणाऱ्या बाया नव्हत्या, टोपल्यांवाले नव्हते. पंचवीस वर्षं ज्या जागेला मी माझी म्हणत होते, ती कागदावर रस्ता होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी दुकानातला लोखंडी मीटर काढला. कापडाच्या थानांना गुंडाळून येणारा खाकी कागद जमिनीवर पसरला आणि आम्ही दोघांनी बाजार मोजायला सुरुवात केली. ते मोजत, मी लिहीत असे. गाळे मोजले, वाट मोजली, आणि मग एकेक ओटा. कोण बसतं, कधीपासून बसतं, कोणत्या गावचं, सगळं त्या त्या चौकोनात लिहिलं. आठवडाभर हे चाललं. गुडघ्यांचा त्रास असलेला सत्तरीचा माणूस चांभारकाकांच्या पथारीची लांबी घ्यायला उकिडवा बसलेला पाहून लोक हसले. काकांना मात्र रडू आलं. त्यांच्या जागेचं माप कोणी घेईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तो नकाशा घेऊन आम्ही कार्यालयात गेलो. टेबलामागच्या कर्मचाऱ्यानं तो उलगडून पाहिला आणि विचारलं, "हा कोणी काढला? यावर ना सही, ना शिक्का."

भाऊ म्हणाले, "सही माही हाये खाली. शिक्का तुमचा मारा."

शिक्का त्या दिवशी मिळाला नाही. भाऊ पाच-सहा वेळा गेले. प्रत्येक वेळी मीही सोबत असे. शेवटी एक अधिकारी स्वतः बाजारात आले, नकाशा हातात घेऊन अर्धा तास फिरले आणि ओट्यांची यादी परिशिष्ट म्हणून जोडली गेली. वर वाक्य आलं, "सदर विक्रेत्यांचा विचार करण्यात येईल." जागा देण्यात येईल, असं त्यात नाही. भाऊंनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि सगळ्यांत शेवटी, आमच्या सगळ्यांच्या नावांनंतर, इमारत पाडायला आपली संमतीची सही केली.

आता आम्ही सगळे गावाबाहेरच्या मैदानात टिनाच्या शेडमध्ये आहोत. मीही आहे, चांभारकाकाही आहेत. हे भाऊंमुळे झालं, याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण दिवस कठीण आहेत, हे गौरवलेखातसुद्धा लपवता येत नाही. पूर्वी गावाकडून आलेलं माणूस बसमधून उतरून चालत बाजारात येई. आता त्याला ऑटो करावा लागतो. ज्यांना ते जड जातं ते येत नाहीत. ज्या पोरी येतात त्या मोबाइलवर साडीचा फोटो दाखवून विचारतात, अशीच आहे का, आणि नसली की घरबसल्या मागवतात. जुन्या जागेभोवती पत्र्याचं कुंपण आहे. इमारत पाडली गेली, मलबा गेला, नवं काम सुरू झालेलं दिसत नाही. भाऊ रोज सकाळी तिथे जातात आणि कुंपणाच्या फटीतून आत पाहून येतात.

शेड वाटले गेले तेव्हा एक गोष्ट घडली. दोन वर्षं न बोललेल्या किशनलालजींना पुढची कोपऱ्याची जागा मिळत होती. ती त्यांनी दुसऱ्याला दिली आणि भाऊंच्या शेजारी भांडी लावली. भाऊ पाहतच राहिले. किशनलालजी परातीवरची धूळ पुसत म्हणाले, "लड़ने के लिए भी तो कोई बगल में चाहिए." त्या दिवशी दोघांनी एकत्र चहा घेतला. किशनलालजींची भीती गेली आहे असं नाही. ते आजही म्हणतात की आपण फसलो. पण आता ते भाऊंच्या शेजारी बसून म्हणतात.

मागच्या महिन्यात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. भाऊंनी मला विचारलं, "वनिता, माह्याकडून चूक तं नाही झाली?"  फुलमाबाईंचा खांदा आठवला की वाटतं, झाली नाही. दिवसभर रिकामा राहिलेला शेड पाहिला की काहीच सांगता येत नाही.  तेवढ्यात समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली, तिला सुती लुगडं हवं होतं. भाऊ उठले आणि तिच्यासमोर लुगड्यांच्या घड्या उलगडू लागले.

या सत्कारालाही ते तयार नव्हते. "सत्कार कायचा करता, काम अर्धंच हाये," असं त्यांनी आम्हा सर्वांना ऐकवलं. खरं आहे ते. एरवी सत्कार पूर्ण झालेल्या कामाचा होतो. पण काम अर्धं असताना जो माणूस पळून जात नाही, त्याचा सत्कार केव्हा करायचा, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून आम्ही आताच करतो आहोत.

भाऊ, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या. वहिनी सांगतात ते पथ्य पाळा. सकाळचं फिरणं चालू ठेवा, पण रोज त्या कुंपणाकडे नको, कधी तळ्याकडेही जा. आमच्या मनात शंका पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर तुमच्याजवळही नाही, हे आम्हाला कळतं. तरी मागणं एकच आहे. त्या नव्या इमारतीला जेवढी वर्षं लागायची तेवढी लागोत, तुमची वर्षं त्याहून जास्त असोत.