माईंसमोर गाळलेला परिच्छेद

सातवीच्या सहामाहीनंतर मी शाळा सोडली. पेडण्याजवळच्या पार्से गावात माईंच्या घरी कामाला लागताना मात्र मी दहावी सांगितलं.

विचारणारे होते माईंचे चिरंजीव. ते वास्कोला बंदरात नोकरीला, बायकामुलं तिकडेच. इकडे माई एकट्या, आणि काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. रांधायला-धुवायला कुणीही चाललं असतं, पण बाई वाचणारी हवी ही माईंची अट होती. माझा नवरा तेव्हा डिचोलीत सेंट्रिंगच्या कामावर होता. आम्ही कामावरच्या पत्र्याच्या खोपटात राहत होतो आणि या नोकरीबरोबर घरामागची खोली मिळणार होती. गडहिंग्लज सोडल्यापासून दाराला कडी असलेल्या न्हाणीघरात मी अंघोळ केली नव्हती. म्हणून दहावी.

"मराठी वाचतंस मा नीट?" माईंनी विचारलं.

"वाचते की."

"माका पेपर नको. माका चोर पकडूचे आसत."

माईंनी पेडण्याच्या बाजारात जन्मभर बायकांचे ब्लाऊज शिवले होते आणि त्यांना एका पुस्तकमालेचं वेड होतं. त्यातली नायिका पोलीस नाही, वकील नाही. लहानशा गावात शिलाईचं दुकान चालवणारी साधी बाई. गिऱ्हाइकं माप द्यायला येतात, बोलतात, आणि ही टेप गळ्यात घालून ऐकते. गावात चोरी होते, कुणाचं मृत्युपत्र नाहीसं होतं, कधी एखादा म्हातारा संशयास्पद मरतो. पोलीस भलत्यालाच धरतात. मग ही बाई उसवलेल्या शिवणीवरून, नाहीतर तुटलेल्या हुकावरून खरा माणूस शोधते. रक्तबिक्त फार नाही. मधेमधे चहा आणि गप्पा भरपूर.

"पोलिसाक काय कळता?" माई म्हणायच्या. "बाई माप देताना जितक्या खरा बोलता, तितक्या देवाफुडे पण बोलना नाय."

वाचनालयातून एकेक पुस्तक मी आणायची. दुपारची भांडी आवरली की आम्ही बाहेर सोप्यावर बसायचो. शेवटचं प्रकरण आलं की माई हात वर करायच्या. "मीट पुस्तक. आता मी सांगतंय." आणि नाव सांगायच्या, कारणांसकट. मग मी शेवट वाचायची. नाव बरोबर निघायचं. दर वेळी. माई मांडीवर थाप मारायच्या, "डोळे गेले, पण मुंडी आसा जाग्यार!"

हा नुसता खेळ नव्हता, हे मला हळूहळू कळलं. माईंची थोरली बहीण शेवटी शेवटी पोटच्या मुलांना ओळखत नव्हती. माईंना मरणाची नाही, त्याची भीती होती. चिरंजीव दर रविवारी यायचे आणि वास्कोला चल म्हणायचे. माईंचं उत्तर ठरलेलं होतं. "जोपर्यंत चोर गावता, तोपर्यंत मी हंयच. चोर चुकलो की ने माका."

"आई, त्या लेखकाक सांगून एक कठीण पुस्तक लिवन घेतंय," ते हसून म्हणायचे.

आता माझं सांगते. बोलण्याचा भाग मी झरझर वाचायची. माणसं बोलतात तसं लिहिलेलं असलं की जीभ आपोआप वळते. पण मधे वर्णनं यायची, अर्धं पान एकच वाक्य. जोडाक्षरांची रांग दिसली की मला घाम फुटायचा. पहिल्या पुस्तकात मी दोन-तीनदा अडखळले तेव्हा माई म्हणाल्या, "दहावीक काय शिकवतत गो हल्ली?" चेष्टाच होती ती. पण मला वाटलं, आता कळणार, आता खोली जाणार. दुसऱ्या पुस्तकापासून मी वर्णनं गाळायला लागले. आकाश, झाडं, भिंतीवरची चित्रं. कुणाचं काय बिघडत होतं? चोर सापडतच होता.

मग ते लग्नघराचं पुस्तक आलं. काजूचा हंगाम होता, बोंडांचा आंबूस वास सोप्यापर्यंत यायचा. त्या गोष्टीत नवरीचा हार नाहीसा होतो आणि निम्म्या पुस्तकात तो सापडतो, दिवाणखान्यातल्या पडद्याच्या तळपट्टीत शिवून ठेवलेला. शिवला कुणी, एवढाच प्रश्न. शेवटच्या प्रकरणाआधी माईंनी हात वर केला.

"नवऱ्याची काकी. ती पयल्यापासून गोड बोलता."

मी पान उलटलं. काकी नव्हती. नवरीची सख्खी मावशी होती. नायिका सगळ्यांसमोर सांगत होती की पडदा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हाच तिने पाहिलं होतं, तुरपाईचे टाके नेहमीच्या उलट बाजूला कललेले होते. डावखुऱ्या हाताचे टाके. आणि त्या घरात डाव्या हाताने कात्री धरणारी एकटी मावशीच होती.

माई पुढे झुकल्या. "टाके? टाक्यांचा कधी इला?"

मला ते पान डोळ्यांसमोर दिसलं. पडद्यावरचा अर्ध्या पानाचा परिच्छेद, सुरुवातीलाच 'वैशिष्ट्यपूर्ण नक्षीकामाने आच्छादित' असं काहीतरी, आणि मी तिथून उडी मारून खालच्या बोलण्यावर गेले होते.

"आलं होतं की माई," मी म्हणाले. "मी वाचलेलं."

इतकं सहज तोंडातून गेलं. क्षणभरही थांबले नाही.

थाप मारायला उचललेला हात माईंनी हळूच खाली ठेवला. "उलटे टाके," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या कानावरसून गेले?" जन्मभर तुरपाई केलेल्या बाईला मी पटवून दिलं होतं की ती टाके ऐकून विसरली. त्या दिवशी त्यांनी चहाबरोबरचा उंडा पाव तसाच परत केला.

पुढचं पुस्तक मी अक्षर न अक्षर वाचलं. अडखळले, पुन्हा मागे गेले, आकाशसुद्धा सोडलं नाही. माईंनी चेष्टा केली नाही. शेवटच्या प्रकरणाआधी त्यांनी हात वर केला, एक नाव घेतलं, मग दुसरं घेतलं, मग म्हणाल्या, "नको, तूच वाच." पहिलं नाव बरोबर होतं.

"माई, बरोबर निघालं तुमचं!"

"दोन नावां घेतल्यार एक लागताच गो."

रविवारी चिरंजीव आले तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत माई म्हणाल्या, "ने माका." इतकी वर्षं तेच मागणारा माणूस, पण त्यांनी दोनदा विचारून खात्री केली. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाले. मी आत चुलीपाशी उभी होते. बाहेर जाऊन सांगायला चार पावलं होती. मी भात उतरवला, वरण उतरवलं, पानं वाढली.

गुरुवारी वाचनालयातून ते लग्नघराचंच पुस्तक पुन्हा आणलं. माई सोप्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या पायांशी बसले आणि सगळं सांगितलं. दहावी नाही. सातवीसुद्धा पुरी नाही. वर्णनं गाळत होते. पडद्याचा परिच्छेद मी वाचलाच नव्हता, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. मग तो परिच्छेद वाचून दाखवला. 'वैशिष्ट्यपूर्ण'वर तीनदा अडले. शेवटाला येईपर्यंत माझा पदर घामाने भिजला होता.

माईंनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"कितक्या कष्टान वाचलंस गो. माझ्यासाठी."

"तसं न्हाई माई. खरंच वाचलं न्हवतं मी. तुमची काय चूक न्हाई."

"माझी बहीण विसराक लागली," माई म्हणाल्या, "तेव्हा आमी पण असाच सांगू. तू विसरूक नाय गो, आमीच तुका सांगूक विसरलो. ती विचारी, आमी सांगू. ती हसायची. तिका सगळा कळायचा."

"माई, देवाशपथ..."

"शपथ घालू नको. तू चांगली आसस."

मला वाटलं होतं त्या चिडतील, आम्हाला खोलीबाहेर काढतील. त्याची मी तयारी केली होती, नवऱ्याला सांगूनही ठेवलं होतं. पण माझं खरं खोटं ठरेल, तेही माझ्या चांगुलपणापायी, हे मनातही आलं नव्हतं. परिच्छेद पुन्हा वाचून तरी काय सिद्ध होणार? चोर कोण ते त्यांना आता माहीतच होतं.

रविवारी मी चिरंजीवांना विहिरीपाशी गाठून तेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "दहावी नाय तर नाय," ते म्हणाले. "आईक तू जपलंस, ता महत्त्वाचा. पण आता हो विषय तिच्याकडे काढू नको. मोठ्या मुश्किलीन तयार झालीहा." मग म्हणाले, घर बंद पडायला नको, तुम्ही दोघं इथंच राहा, दिवाबत्ती करा. मी बरं म्हणाले. विषय काढू नको, त्यालाही बरंच म्हटलं होतं.

आता माई वास्कोला चौथ्या मजल्यावर राहतात. महिन्यातून एकदा मी पेडण्याहून पणजी आणि पणजीहून वास्को अशा बस बदलत त्यांना भेटायला जाते. घरचे नारळ नेते, परसातली भाजी नेते. त्या परसाची खबर विचारतात, एकेका झाडाचं नाव घेऊन, एकही न चुकता. मागच्या खेपेला कळलं की मुलाने त्यांना डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले आणि सांगितलं की स्मरणशक्ती उत्तम आहे.

"बघा माई," मी म्हणाले, "मी काय सांगत होते?"

"डॉक्टर पण तुझ्यासारखोच गो," माई म्हणाल्या. "चांगलो."

वाचून दाखवायला नेलेलं पुस्तक मी पिशवीतून काढलं नाही. निघताना चिरंजीव स्टँडपर्यंत सोडायला आले. आईला तू सांभाळलंस, तुझे उपकार कधी फिटायचे नाहीत, असं ते पुन्हा म्हणाले. मी मान हलवली आणि बसमध्ये चढले.