आषाढ शुद्ध पंचमीची आवृत्ती

माझ्या साडूइतका सोप्या गोष्टी अवघड करणारा माणूस ठाणे-कल्याण पट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्याच्या घरच्यांबद्दल मला सहानुभूती आहे. नव्वदीच्या दशकात डोंबिवलीच्या घरी, जेवणाचं टेबल कायमचं बळकावून बसलेल्या कॉम्प्युटरवर, त्याने मराठी पुस्तकांची नावं बाराखडीच्या क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम फुकट, आतलं लिखाणही सगळ्यांना उघडं. ज्याला बदलायचं त्याने बदलावं, फ्लॉपी मात्र आपली आणावी. १.१, १.२ अशा आवृत्त्या निघत होत्या, लोक वापरत होते, आणि याला आकड्यांचा वीट आला. "१.२ म्हणजे काय हो साडूभाऊ? प्रोग्रॅम आपला मराठी. त्याला तिथी हवी."

त्या दिवसापासून ज्या तिथीला आवृत्ती निघेल ते तिचं नाव. आणि हा तर रोज काहीतरी सुधारायचा. विठ्ठलवाडीच्या एका शाळामास्तरांनी फोन केला, "अहो, अष्टमीची मिळाली, दशमीची मिळाली, नवमीची मलाच का नाही दिलीत?" "नवमीचा क्षय होता," हा शांतपणे म्हणाला. मास्तरांना ते पटलं नाही. ते पुढे वर्षभर ओळखीपाळखीत ती नवमी शोधत होते. शिवाय प्रत्येक आवृत्तीची तिथी वर्षाने फिरून आली की घरात शिरा. मेहुणी म्हणायची, "पोरांचे वाढदिवस लक्षात नाहीत यांच्या. फ्लॉप्यांसाठी मात्र मी कढईपाशी."

इकडे मी कोपरीच्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत होतो. पुस्तकांची यादी या प्रोग्रॅमवर घेऊ असं मीच सुचवलं. तो लिहिणारा माझा साडू आहे, हे मात्र बोललो नाही. लाज वाटायची. मग अधिक आषाढ आला. त्यातल्या शुद्ध पंचमीला एक आवृत्ती निघाली, आणि तिच्यातली चूक सुधारून महिन्याने निज आषाढात, नेमकी शुद्ध पंचमीलाच, दुसरी. लेबलवर 'अधिक' लिहायला हा विसरला. ग्रंथपालबाईंनी नवीवर जुनी चढवली, आणि 'ज्ञ'ची सगळी पुस्तकं 'ज'मध्ये जाऊन बसली.

"साधे आकडे घालायला सांगा, नाहीतर हे काढून टाका," अध्यक्ष म्हणाले. "कोण हा विद्वान?"

"आहे कोणी डोंबिवलीचा," मी म्हणालो.

डोंबिवलीला जाऊन मी त्याला नको तेवढं बोललो. ऐकून घेतलं त्याने. मग एवढंच विचारलं, "वाचनालय ठेवेल ना पण?"

"आकडे घातलेत तर."

त्याने लेबलवर २.० लिहिलं, शाईवर फुंकर घातली. "आकडा नुसता पुढे जातो हो," म्हणाला. "तिथी परत येते."

आता तो नाही. वाचनालयाची यादी अजून २.०वरच चालते, पुढचा आकडा घालणारं कोणी उरलं नाही. दर आषाढ शुद्ध पंचमीला मी डबाभर शिरा तिथे घेऊन जातो. नव्या ग्रंथपालबाई विचारतात, "काका, आज कुणाचा वाढदिवस?"

"माझ्या साडूच्या प्रोग्रॅमचा," मी म्हणतो.