प्रतिमाचा मका

धर्मराज मेश्रामांना शेतीतलं काही कळत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. नागपुरात इंदोऱ्याला घर, वडील रेल्वेत, पुढे इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी आणि तिथून थेट अमेरिका. शॉमबर्गच्या एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करता करता केस पिकले. घरात शेतकरी होती ती त्यांची बायको.

प्रतिमा अकोल्याहून कृषी पदवी घेऊन आलेली. लग्नानंतर व्हिसा असा मिळाला की तिला इथं नोकरी करायची परवानगीच नाही. मग अपार्टमेंटच्या गॅलरीत तिनं अंबाडी लावली, मेथी लावली, वांगी लावली, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईनं पाणी ठिबकतं म्हणून तक्रार केली तेव्हा तिलाही अंबाडीची भाजी खाऊ घालून गप्प केलं. अशी बरीच वर्षं गेली. ग्रीन कार्ड हातात पडलं त्या दिवशी धर्मराज म्हणाले, "आता तू जॉब शोध." ती म्हणाली, "मले जॉब नाही पाहिजे. मले वावर पाहिजे."

लेक पायल कॉलेजला गेल्यावर दोघांनी शॉमबर्ग सोडलं आणि तासाभराच्या अंतरावर पश्चिमेला, जिथं घरं संपतात आणि नुसती शेतं सुरू होतात, तिथं एक जुनं घर घेतलं. मागची जमीन मेरी नावाच्या एका म्हातारीची. ती वृद्धाश्रमात राहायला गेलेली. प्रतिमानं ती जमीन ठेक्यानं घेतली आणि लिलावातून पीक काढायचं एक जुनंपानं कम्बाइन हार्वेस्टर आणलं, ज्याचा लाल रंग उडून गुलाबी झाला होता. ओळखीची मंडळी हसली. मकाच पेरायचा होता तर एवढ्या लांब विमानात कशाला बसलात, म्हणाली. प्रतिमानं मनावर घेतलं नाही. धर्मराजांचं या शेतीतलं योगदान दोन प्रकारचं होतं: आल्याचा चहा करणं आणि तिच्या चिखलानं भरलेल्या जीन्स वेगळ्या धुणं. दोन्ही कामं ते मनापासून करत.

यंदा ऑगस्टमध्ये, कणसांत दूध भरत असताना, प्रतिमा गेली. मेंदूत रक्तस्राव झाला. सकाळी डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली ती पुन्हा उठली नाही.

शॉमबर्ग आणि आसपासचे सगळे जमले. त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदनाला लोक तिच्याबद्दल चांगलं बोलले, पायल रडून रडून थकली. धर्मराज रडले नाहीत. त्यांना काही वाटतच नव्हतं. उशिरा येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहावी तशी ते आपल्या रडण्याची वाट पाहत होते, पण पाहुणा काही येईना. पायल जर्सी सिटीला परत निघाली तेव्हा म्हणाली, "बाबा, यू कान्ट स्टे हिअर अलोन. माझ्याकडे चला." ते म्हणाले, "हो, बघू." आणि तिला विमानतळावर सोडून परत येऊन लॅपटॉप उघडून बसले.

ऑफिसचं काम घरूनच होतं. ते इतकं नीट आणि वेळेत करायला लागले की मॅनेजरनं कौतुक केलं. रोज खिचडी. कुकरच्या दोन शिट्ट्या, एक ताट, एक चमचा. ताट धुताना खिडकीतून मागचा मका दिसे. तो हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तपकिरी झाला, आणि धर्मराज ताट धूत राहिले.

त्या भागात एक पद्धत आहे. ऐन हंगामात कुणी आजारी पडलं किंवा गेलं, तर शेजारपाजारचे शेतकरी आपलं काम बाजूला ठेवून, आपापली मशिनं घेऊन त्या घरी जातात आणि उभं पीक काढून देतात. त्याचं कुणी देणं-घेणं ठेवत नाही. रस्त्यापलीकडचा वेन त्याच पद्धतीला धरून सप्टेंबरअखेरीस दारात येऊन उभा राहिला. सत्तरीचा माणूस, हातात टोपी. बोलला अर्थात इंग्रजीत, पण आपण मराठीतच ऐकू.

"राज," तो म्हणाला. धर्मराज हे नाव त्यानं पहिल्याच दिवशी अर्ध्यावर सोडलं होतं. "आम्ही चार-पाच जण शनिवारी येतो. प्रतिमाचा मका काढून टाकतो."

"नको नको," धर्मराज म्हणाले. "तुमचीही कामं आहेत. कशाला उगाच त्रास? मी बघतो काहीतरी."

आता हे उत्तर नागपुरात दिलं असतं तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. चहा घेता का म्हटलं की आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं की "अर्धाच" म्हणायचं. मग भरलेला कप आला की तो संपवायचा आणि चहा छान झाला होता म्हणायचं. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट, आणि पहिल्या नकारावर थांबणारा यजमान कंजूष. त्यामुळे धर्मराज नको म्हणाले आणि वेनच्या पुढच्या आग्रहाची वाट पाहत दारात उभे राहिले.

वेन म्हणाला, "बरं. लागलं तर सांग." टोपी घातली आणि गेला.

धर्मराज बराच वेळ दार उघडं ठेवून होते. शनिवारी कुणी आलं नाही. त्या शनिवारी त्यांना बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, आणि तो होता वेनबद्दलचा राग. संध्याकाळी फोनवर पायलला त्यांनी ते ऐकवलं. "एवढी वर्षं शेजारी आहोत. तुझ्या आईनं किती वेळा डबे पाठवले त्याला. आणि हा माणूस एकदाच विचारतो?"

"बाबा, बट यू सेड नो."

"अगं, पहिल्यांदा नाहीच म्हणतात."

"सेज हू? ही हर्ड अ नो, बाबा. त्याला कॉल करा ना. सांगा, प्लीज या म्हणून."

"असं तोंड वर करून मागायचं का?"

"यस," पायल म्हणाली. "दॅट्स हाऊ इट वर्क्स." धर्मराजांनी विषय बदलला आणि तिला जेवलीस का विचारलं.

मग पाऊस सुरू झाला. ऑक्टोबरभर तो असा लागून राहिला की रस्त्याकडेचे चर भरून वाहायला लागले. आसपासची शेतं तेवढ्यात उघडीप साधून रिकामी झाली होती, एक प्रतिमाचं तेवढं उभं. जमीन इतकी मऊ झाली की बांधावरून चाललं तरी बूट निघून यायचा. मक्याची धाटं कमरेत कुजली, कणसं खाली माना टाकून लोंबायला लागली. प्रतिमा असती तर तिनं दिवसातून दहा वेळा आकाशाकडे बघून हवामान खात्याला शिव्या घातल्या असत्या. धर्मराज खिडकीतून बघत, आणि मीटिंगची वेळ झाली की आत जात. रस्त्यानं जाताना वेनची गाडी त्या शेतापाशी हळू होई, आणि पुढे निघून जाई.

नोव्हेंबर लागला न लागला तोच बर्फ पडला. इतक्या लवकर सहसा पडत नाही. सकाळी उठून पाहतात तर तपकिरी मक्यावर पांढरा थर, आणि वाऱ्यानं कडेच्या ओळीच्या ओळी आडव्या झालेल्या. दोन हरणं आली होती आणि सावकाश, घरचं असल्यासारखी, पडलेली कणसं खात होती.

धर्मराजांनी ताट तसंच सिंकमध्ये ठेवलं, जॅकेट घातलं आणि शेडमध्ये जाऊन कम्बाइनवर चढले. काही ठरवलं वगैरे नव्हतं. प्रतिमाला ते सुरू करताना त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं, तेवढ्या भांडवलावर त्यांनी किल्ली फिरवली. मशीन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. शेडबाहेर आलं, अंगण ओलांडलं, शेताच्या तोंडाशी पोचलं. तिथंच एक सखल जागा होती. प्रतिमा ती नेहमी वळसा घालून टाळायची, पण ती वळसा घालते हे ज्यानं पाहायला हवं होतं तो माणूस त्या वेळी स्वयंपाकघरात आलं ठेचत असायचा. पुढची चाकं बर्फाखालच्या चिखलात गेली. धर्मराजांनी जोर दिला. चाकं गरगर फिरली आणि आणखी खाली गेली. अख्खं गुलाबी धूड शेताच्या दारातच एका बाजूला कलून बसलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. रोजची मीटिंग. सवयीनं त्यांनी उचलला.

"धर्मराज, तुमच्या मागे कसला आवाज आहे?" मॅनेजरनं विचारलं.

"मशीन आहे," ते म्हणाले. मग कालचं काम झालं, आजचं चालू आहे, काही अडचण नाही, असं त्यांनी रीतसर सांगितलं. काही अडचण नाही हे शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हा काचेतून त्यांना समोर हरणं दिसत होती. मशीनच्या आवाजानंही ती हलली नव्हती. धर्मराजांनी फोन बंद केला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. उतरताना डावा बूट चिखलात रुतला तो रुतलाच. एका बुटावर आणि एका मोज्यावर ते रस्ता ओलांडून वेनच्या दारात गेले.

वेननं दार उघडलं. आधी त्यानं मोज्याकडे पाहिलं.

"मला मदत पाहिजे," धर्मराज म्हणाले. आयुष्यात कुणाला असं सरळ, पहिल्याच वाक्यात म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

वेन आपले बूट चढवायला लागलासुद्धा. त्याच्या बायकोनं, बार्बनं, आतून लोकरीच्या कोरड्या मोज्यांचा जोड आणून धर्मराजांच्या हातात दिला. बुटाची नाडी बांधता बांधता वेन म्हणाला, "मी रोज तुझ्या शेताकडे बघत होतो, राज. पण तू नको म्हणाला होतास. ज्याची बायको गेली त्याला पुन्हा पुन्हा काय विचारायचं? मला वाटलं, तुला तो उभाच असायला हवाय."

धर्मराज त्याला समजावणार होते. आमच्याकडे आधी नको म्हणतात, ती एक रीत असते, हे सगळं जिभेवर आलं होतं. पण ते बोलले नाहीत, कारण वेनचं बरोबर होतं. आग्रहाची वाट पाहिली हे खरं, राग आला हेही खरं. पण त्या शनिवारी कुणी आलं नाही तेव्हा रागाच्या खाली जीव भांड्यात पडला होता. प्रतिमानं पेरलेलं जोवर उभं होतं तोवर प्रतिमाचं हे वर्ष चालूच होतं. ते संपवायला त्यांनी स्वतःच्या तोंडानं माणसं कशी बोलावली असती?

"होतं तसं," ते म्हणाले. "पण आता पडायला लागलाय."

वेननं ट्रॅक्टर आणून साखळदंडानं कम्बाइन बाहेर ओढलं आणि सांगितलं, की आता घाई करून उपयोग नाही. चिखल गोठायची वाट बघू. कडक थंडी पडली की पहाटे जमीन दगडासारखी होते, तेवढ्या वेळात काढायचं.

थंडी पडायला फार दिवस लागले नाहीत. एके दिवशी उजाडायच्या सुमारास रस्त्यावर दिव्यांची रांग दिसली. चार कम्बाइन, मागे धान्याच्या गाड्या. कुणी हाक मारली नाही की घंटी वाजवली नाही, सरळ कामाला लागले. गोठलेल्या जमिनीवर चाकं कुरकुर वाजत होती. बर्फाची भुकटी आणि मक्याचा पाचोळा एकत्र उडत होता, आणि गाड्यांत पिवळाधमक दाणा धो धो पडत होता. वेन म्हणाला की पडला तो गेला, पण बहुतेक मका हाती लागला. धर्मराजांनी सगळ्यात मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा केला आणि येईल त्याच्या हातात कप दिला. लोक तो चहा ओळखत होते. दोघातिघांनी प्रतिमाचं नाव काढलं. धर्मराज मान डोलवत होते आणि त्यांना काहीही वाटत नव्हतं. मका निघाला तरी नाही वाटलं, म्हणजे आता हे असंच राहणार, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

ऊन वर आलं आणि माती पुन्हा मऊ व्हायच्या आत शेवटची ओळ निघाली. मशिनं गेली. शेत पार टोकापर्यंत मोकळं दिसत होतं, पलीकडचा रस्ता, त्यावरची पत्रपेटीसुद्धा. वेन तेवढा मागे थांबला होता. चहाचा दुसरा कप त्यानं मागून घेतला.

"मेरीचा मुलगा भेटला होता," तो म्हणाला. "जमीन तुझ्याकडेच ठेवायला तयार आहे. पण बियाणं आत्ताच सांगून ठेवावं लागतं. पुढच्या वर्षी काय, परत मकाच की सोयाबीन?"

धर्मराज रिकामे कप गोळा करत होते. मान वर न करता, अगदी सहज, ते म्हणाले, "प्रतिमाला विचारून सांगतो."

वेननं कप खाली ठेवला. पुढे होऊन त्यानं धर्मराजांच्या हातातले कप काढून घेतले. मग धर्मराज शेडच्या पायरीवर बसले आणि ऑगस्टपासून जे आलं नव्हतं ते आलं. मोठ्यांदा, तोंड न झाकता ते रडले, आणि वेन कप हातात घेऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला.

"सावकाश सांग," तो म्हणाला. "पेरणीला वेळ आहे."