रेंजचा म्हसोबा

शिट्टी वाजली तेव्हा ऋतुजाचं बोट ट्रिगरवर होतं.

"स्टॉप! अनलोड!" मागून गायकवाड मॅडमचा आवाज आला आणि लाईनवरच्या सगळ्या रायफली गप्प झाल्या. मी मात्र गप्प बसलो नाही.

"मॅडम, काय झालं? पोरीची शेवटची सिरीज चालू आहे!"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुर्बीण डोळ्यांना लावून त्या समोरच्या मातीच्या ढिगाऱ्याकडे बघत होत्या.

मी बारामतीत नेमबाजी शिकवतो. आमची रेंज इनडोअर. एका हॉलमध्ये एअर रायफल आणि एअर पिस्तूल, दहा मीटरवर टार्गेट, डोक्यावर पंखा. ही मॅच होती इंदापूर तालुक्यातल्या आउटडोअर रेंजवर. मुरमाची जुनी खाण, तीत पन्नास मीटरवर टार्गेटं लावलेली, पालथं पडून मारायची. टार्गेटांमागे मातीचा उंच ढिगारा असतो, त्याला आम्ही बट म्हणतो. गोळी टार्गेटमधून आरपार जाते आणि बटमध्ये रुतते. क्वचित एखादी दगडावर आपटून वर उसळते, म्हणून बटच्या मागची जमीनही मोकळी ठेवायची असते. तिथं माणूस नको, जनावर नको. फायरिंग चालू असेपर्यंत बटवर लाल निशाण असतं.

या सगळ्याची जबाबदारी सेफ्टी ऑफिसरची. कोण किती गुण मारतो याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मॅच संपली आणि सगळे आले तसे घरी गेले, की त्याचा दिवस चांगला. असं काम करणाऱ्या माणसाचं कौतुक करायला कुणी येत नाही. म्हणून म्हटलं, आपणच करावं.

आमच्या सेफ्टी ऑफिसर गायकवाड मॅडम पोलिसातून निवृत्त झालेल्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इनडोअर रेंजच्या उद्घाटनाला. प्रमुख पाहुण्यांनी हौसेनं पिस्तूल उचललं आणि फोटोसाठी सरळ फोटोग्राफरवर रोखलं. मॅडमनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं आणि टार्गेटकडे वळवलं. आयोजकांच्या तोंडचं पाणी पळालं.

पाहुणे हसत म्हणाले, "अहो मॅडम, रिकामंय ते."

"असेल. मला माहीत नाही."

त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, उघडून रिकामं असल्याचं बघितलं, पाहुण्यांनाही दाखवलं आणि मग फोटो काढू दिला. टार्गेटकडे तोंड करून. फोटोत पाहुण्यांची पाठच आली. आयोजक महिनाभर मॅडमच्या नावानं बोटं मोडत होते, पण नंतरच्या प्रत्येक मॅचला त्यांनाच बोलावत होते.

तर ती मॅच. जिल्ह्याच्या टीमची निवड होती. टीममध्ये तिघी जाणार होत्या. ऋतुजा माझी विद्यार्थिनी, राहणार लोणी देवकर. वडील महादेवराव तिथल्याच एका कंपनीत फिटर. आदल्या वर्षी थोडक्यात हुकली होती आणि घरात बोलणं सुरू झालं होतं, की आता बास, अभ्यास कर, नोकरीचं बघ. यंदा नाही तर रायफल परत नाही, असं ठरलेलं. आणि त्या दिवशी पोरगी अशी मारत होती, की मी मागं उभा राहून श्वास घ्यायचा विसरत होतो. शेवटच्या सिरीजमधल्या थोड्याशाच गोळ्या शिल्लक, वेळही भरपूर. आणि तेवढ्यात ही शिट्टी.

"मॅडम, निदान कारण तरी सांगा."

"बटच्या डाव्या टोकाला मागून धूर येतोय."

मी बघितलं. निळसर धुराची एक बारीक रेघ वर चढत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मागं सगळा ऊस आहे. पाचट पेटवलं असेल कुणीतरी. या दिवसांत रोजच पेटवतात."

"असेल."

"मग?"

"मला माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणजे बंद."

क्लबचे सेक्रेटरी शिवाजीराव तोवर धावत आले. "मॅडम, तिकडून कुणी येत न्हाय ओ. कुंपण हाय की आपलं."

"कुंपणाला भगदाड आहे. सकाळी मी तुम्हाला दाखवलं होतं."

"व्हय, पण तितं बाभळीची फांदी लावलीय मी."

मॅडमनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं. शिवाजीराव मागं सरले.

पुढं काय करायचं याची एक रीत असते. प्रत्येकानं रायफल रिकामी करायची आणि गोळी जिथं बसते तिथं एक रंगीत दोरी घालायची. त्या दोरीला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. दोरी दिसली म्हणजे आत गोळी नाही. मग सगळ्यांनी लाईन सोडून मागं यायचं, आणि त्यानंतर कुणीही रायफलीला हात लावायचा नाही. मॅडम एकेका रायफलीपाशी वाकून दोरी बघत गेल्या. घाई नाही, गडबड नाही. माझा जीव वर-खाली होत होता. थांबलेला वेळ नियमाप्रमाणे परत मिळतो. सरावाच्या गोळ्याही मिळतात, ज्यांचे गुण धरत नाहीत. लागलेली लय मात्र कुठल्याच नियमात परत मिळत नाही.

ऋतुजा मागं येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. "सर, काय झालं?"

"काही नाही. पाचटाचा धूर आहे."

शेवटी मॅडम शिवाजीरावांना शिट्टी देऊन, "मी परत येईपर्यंत कुणीही लाईनवर जाणार नाही" असं बजावून स्वतः निघाल्या. "चला," मला म्हणाल्या, "तुम्हाला पाचट बघायचंय ना."

आम्ही कॅनॉलच्या कडेनं वळसा घालून बटमागं गेलो. तिथं रेंजची हद्द दाखवायला लाल रंग दिलेले दगड रोवलेत. त्यातल्या शेवटच्या दगडासमोर एक माणूस उकिडवा बसला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज. पूजेला बसताना चपला काढतात तसे ते काढलेले नव्हते, एवढंच माझ्या तेव्हा लक्षात आलं. समोर उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवलेला, कापूर, हळदकुंकू. हातात नारळ, फोडायच्या तयारीत.

ते महादेवराव होते. ऋतुजाचे वडील.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नमस्कार. आधी उठा आणि माझ्या मागं या."

"मॅडम, एक मिंट. एवढा नारळ फोडतो."

"तो गेटवर फोडा."

महादेवराव उठले. चालता चालता त्यांनी सांगितलं ते असं. पालकांना लाईनपाशी येऊ देत नाहीत, म्हणून ते सकाळपासून गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसले होते. तिथं कुणीतरी म्हणालं, रेंजचा म्हसोबा लई कडक हाय, नवसाला पावतो. आता लाल रंगाचा दगड माळावर एकटा उभा दिसला, की आपल्याकडे माणूस त्याला हद्दीची खूण म्हणत नाही. शेंदूर फासलेला म्हसोबा म्हणतो आणि हात जोडतो. वर बटवर लाल निशाणही फडकत होतं. देवाला झेंडाही मिळाला. रेंज बंद असते त्या दिवशी आसपासची माणसं कितीतरी महिने तिथं नारळ वाहत होती. सकाळी मॅडमना दगडापाशी नारळाच्या शेंड्या दिसल्या होत्या, म्हणूनच त्यांची नजर त्या टोकावर होती.

"अहो, पण फायरिंग ऐकू येत नव्हतं का?" मी विचारलं.

"येत हुतं की सर. म्हणूनच आलो. पोरगी गोळ्या मारतीय तवाच नारळ फुटला पायजे, तर लागू पडंल."

"आणि ती कुंपणातली फांदी?"

"ती उचलली. आत आल्यावर परत नीट लावली. शेरडं शिरायची उगं."

मला हसावं की रडावं कळेना. हा माणूस कंपनीत रोज सकाळी लायनीत उभा राहून सुरक्षेची शपथ घेतो!

"तुम्ही तर कारखान्यात काम करता," मॅडम म्हणाल्या. "लाल म्हणजे काय, तुम्हाला कळतं."

महादेवरावांनी मान खाली घातली. "कंपनीतलं लाल कळतं मॅडम. हितं देव हाय म्हणल्यावर... मला वाटलं, तुमीच बसवलाय."

मॅडमनी महादेवरावांना मागच्या वाटेनं नेऊन आपल्या गाडीत बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि दार लावून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "ऋतुजाला आत्ता काही सांगायचं नाही."

"विचारलं तर?"

"एक माणूस होता, बाहेर काढला. एवढं खरं आहे. बाकीचं मॅच झाल्यावर बाप सांगेल."

मी तिथंच झाडाखाली थोडा वेळ उभा राहिलो. ज्या गोळ्या मी मघापासून मनातल्या मनात मोजत होतो, त्या त्याच दिशेला चालल्या होत्या.

मॅच पुन्हा सुरू झाली. लाईनवर कोचनं बोलायचं नसतं, ते बरंच आहे. ऋतुजाची सरावाची पहिली गोळी भलतीकडेच गेली. दुसरीही. मग तिनं रायफल खाली ठेवली, डोळे मिटले, उगाच हात झटकले आणि पुन्हा पालथी पडली. पुढच्या गोळ्या मी बघितल्या नाहीत. मी मॅडमकडे बघत होतो. त्यांची दुर्बीण बटवरून हलली नाही. सगळ्या लाईनवर कुणाला काय हवं होतं ते दिसत होतं. मला गुण हवे होते, शिवाजीरावांना मॅच वेळेत संपायला हवी होती. सगळे घरी जायला हवेत, एवढंच हवं असलेली एकच व्यक्ती तिथं होती. कोचच्या हातात शिट्टी का देत नाहीत, ते मला त्या दिवशी पटलं. मी पुन्हा त्या जागी असलो तर पुन्हा पाचटच म्हणेन. कोच तसाच असतो.

ऋतुजा तिसरी आली. टीममध्ये गेली.

महादेवराव गाडीतून उतरले, गेटवर नारळ फोडला आणि रडत रडतच लेकीला सगळं सांगून टाकलं. "पावला बघ म्हसोबा!" असंही वर म्हणाले. ऋतुजा हसली नाही. हातातलं खोबरं तसंच धरून ती मॅडमकडे गेली.

"मॅडम, समजा माझी एखादी गोळी उसळून तिकडं गेली असती. पप्पांना लागली असती?"

मला वाटलं, आता तरी मॅडम पोरीची समजूत काढतील. बट उंच आहे, असं कधी होत नाही, म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. मग तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणून थांबवलं."

ऋतुजानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मीही मनातून लावला. त्या बाईंबद्दल मला वाटतं ते यापेक्षा जास्त नीट सांगता येत नाही.

क्लबच्या मीटिंगमध्ये तो दगड उपटून टाकायचा ठराव आला. मॅडमनी विरोध केला. "उपटलात तर लोक दुसरा दगड शेंदूर लावून बसवतील, आणि कुठं बसवतील ते आपल्याला माहीत नसेल." त्यांनी गावातल्या गुरवांना बोलावलं, पूजा करवली आणि म्हसोबाला वाजतगाजत रेंजच्या गेटबाहेर, रस्त्याकडेला आणून बसवलं. हद्दीच्या बाकीच्या दगडांना काळेपिवळे पट्टे दिले. कुंपणाला बाभळीऐवजी तार आली. आता येणारा-जाणारा गेटवरच नारळ फोडतो आणि आत कुणी येत नाही. मॅडम स्वतःही मॅचच्या सकाळी तिथं हात जोडतात. हात जोडून झाले, की बटला एक फेरी मारतात.

परवा मॅचला मला उशीर झाला. गेटवर लाल निशाण होतं आणि म्हसोबाशेजारी खुर्ची टाकून महादेवराव बसले होते. सुट्टी असली की मॅचच्या दिवशी ते आपण होऊन तिथं बसतात, कुणी सांगितलेलं नाही. मी गाडी पुढं घ्यायला लागलो तसा त्यांनी हात आडवा केला.

"थांबा सर. आत फायरिंग चालू हाय."

"अहो महादेवराव, मी लाईनच्या मागून जाणार. मॅडमनीच बोलावलंय मला."

"बोलावलं असंल सर," महादेवराव म्हणाले. "मला माहीत न्हाय."

मी गाडी बंद केली आणि शिट्टी होईपर्यंत म्हसोबापाशी उभा राहिलो.