नानांचा डावा आरसा

माझे वडील गेल्यानंतर पंधराव्या दिवशी त्यांना सर्व्हिसिंगचं बोलावणं आलं.

म्हणजे त्यांच्या मोटरसायकलला. पण फोनवरच्या मुलीचा आग्रह होता की बोलणं साहेबांशीच झालं पाहिजे. नानांचा फोन आईने बंद करू दिला नव्हता. रोज सकाळी देवाला दिवा लावला की ती तो चार्जिंगला लावायची. "त्यांना कोणाचा फोन आला तर?" असं म्हणायची.

"नमस्कार! अनंत सर बोलताय का?"

"ते नाहीत."

"कधी भेटतील सर?"

"ते... गेले."

"ओके सर. परत कधीपर्यंत येतील?"

म्हटलं, या मुलीला सौम्य शब्दांत सांगावं. "अहो, ते देवाघरी गेले."

"देवगडला? काहीच हरकत नाही सर! देवगडलाही आपलं सेंटर आहे. तिथली अपॉइंटमेंट बुक करू?"

मी फोन ठेवला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसलो. हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणाचा रे?" म्हटलं, "शोरूमचा. नानांची चौकशी करत होते." ती म्हणाली, "बघ! मी म्हणत नव्हते?"

तीन दिवसांनी पुन्हा फोन. "सर, अनंत सर देवगडहून आले का?" मी हरलो. म्हटलं, "शनिवारी गाडी घेऊन येतो."

नाना वीजखात्यात लाईनमन होते. सहा फुटांवर उंची. खात्यातले लोक म्हणत, याला निम्म्या खांबापर्यंत शिडी लागतच नाही. बोलणं मात्र मोजकं. दिवसाला दहा-बारा वाक्यं, त्यातली निम्मी मांजराशी. (माझ्या वाट्याला एखादं, आणि ते बहुतेक "दिवा बंद कर" हेच असायचं.) त्यांचा सगळा जीव मोटरसायकलीवर. दर तीन महिन्यांनी ते हातखंब्याच्या रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरला गाडी न्यायचे आणि ती हातात मिळेपर्यंत तिथेच बसायचे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. यंत्रांशी माझा संबंध पंख्याच्या बटणाएवढा. तेव्हा शनिवारी मी गाडी घेऊन निघालो ते सीटवर बसून नव्हे, सीटला लटकून. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

सेंटर म्हणजे काचेचा महाल. आत गारवा, सोफा आणि कॉफीचं मशीन. (बटण दाबलं, तर गरम पाणी आलं.) श्रुती नावाची चुणचुणीत मुलगी कॉम्प्युटरपुढे बसली होती. फोनवरची तीच.

"सर, गाडी अनंत सरांच्या नावावर आहे. त्यांच्या नंबरवर ओटीपी गेलाय, तेवढा सांगा."

नंबर घरी, आईजवळ. मी घरच्या फोनवर आईला गाठलं. "आई, नानांच्या फोनवर मेसेज आलाय. त्यातले चार आकडे वाच."

"थांब, चष्मा बघते." चष्मा देवघरात सापडला. "हां. वाचू? 'प्रिय अनंत, आम्ही तुमचीच वाट पाहत होतो.'"

पुढचे आकडे काही येईनात.

"आई?"

"कोणी लिहिलंन रे हे?"

"शोरूमने. सगळ्यांना पाठवतात तसं. आकडे वाच."

"चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मी नाही म्हटलं कधी त्यांना 'प्रिय'."

आईने ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचलं. श्रुती हळूच म्हणाली, "सर, ओटीपी संपला." दुसरा मागवला. तो आईने पटकन वाचला, कारण त्यात 'प्रिय' नव्हतं.

मग तक्रारी लिहायची वेळ आली. श्रुतीने गाडीभोवती फेरी मारली. "सर, ऑइल बदलू, चेन टाइट करू, वॉशिंग करू. आणि हा डावा आरसा पूर्ण आत वळलाय. यात मागचा रस्ताच दिसत नाही."

इथे माझ्या जिभेला जो उत्साह चढला, त्याबद्दल मला अजून लाज वाटते. म्हटलं, "सरळ करा! अहो, मी वर्षानुवर्षं कंठशोष केला, पण ऐकतील तर शपथ! कुठे बघायचे कोण जाणे!" सोफ्यावरच्या दोघांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. वडिलांशी घातलेल्या वादात मी पहिल्यांदाच जिंकलो होतो, तोही वडील उत्तर द्यायला नसताना.

संध्याकाळी गाडी नवरीसारखी चमकत परत आली. आरसा एकदम सरळ. त्यात रस्ता, ट्रक, रिक्षा, सगळं झकास दिसत होतं.

सोमवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. नाना गेल्यापासून ती प्रथमच घराबाहेर पडत होती. ती सवयीने एका बाजूला बसली, पदर खोचला, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि मान थोडी पुढे काढली. मी किक मारणार, एवढ्यात ती उतरली.

"आरसा कोणी हलवलान?"

"सरळ करून आणला. वाकडा होता."

"वाकडा नव्हता. माझ्याकडे होता."

अंगणात उभ्या उभ्या तिने सांगितलं. मांडवीच्या किनाऱ्यावरून जाताना वारा असा की मागचं पुढच्याला ऐकू येत नाही. आणि नानांना एरवीही बोलायचा कंटाळा. मग लग्नानंतर पहिली गाडी घेतली तेव्हा त्यांनी डावा आरसा वळवला, तिच्याकडे. नंतरच्या दोन्ही गाड्यांनाही तसाच. तिला ऊन लागलं तर त्यांना दिसायचं, मग ते झाडाखाली थांबायचे. ती रुसली तर दिसायचं, मग ते थांबायचे नाहीत. "घरात बसून कधी धड चार शब्द बोलले नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. "पण गाडीवर डोळ्यांनी सगळं विचारायचे."

मी घाईघाईने आरसा आत वळवला. "आता बघ. दिसतोय मी?"

"केस दिसतायत."

खाली केला. "आता?"

"आता आभाळ. राहू दे रे. तुझी उंची माझ्यावर गेलीय." आणि ती घरात निघून गेली. त्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर राहिले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन पुन्हा सेंटरवर हजर! श्रुतीने हसून विचारलं, "काय तक्रार लिहू सर?"

"तुम्ही आरसा सरळ केलात."

"हो सर."

"हीच तक्रार."

तिने कॉम्प्युटरमध्ये खूप शोधलं. 'काम बरोबर केलं' अशी तक्रार त्यात बसत नव्हती. शेवटी तिने आतून मुख्य मेकॅनिक इस्माईलभाईंना बोलावलं. पिकलेली दाढी, ऑइलने काळे झालेले हात. गाडी बघताच त्यांचा चेहरा खुलला.

"ही तर नानांची! शनिवारी मी सुट्टीवर होतो, नाहीतर आरशाला कोणाला हात लावू दिला नसता. नाना कुठायत? मॅडम म्हणाल्या देवगडला गेलेत. अजून आले नाहीत?"

आईने माझ्याकडे बघितलं. आता देवगड कुठून आलं, हे तिला कळेना. मला सांगावंच लागलं. या वेळी सरळ शब्दांत सांगितलं.

इस्माईलभाईंनी खिशातून फडकं काढलं आणि हात पुसायला लागले. हात स्वच्छ झाले तरी पुसतच होते. मागे श्रुतीने "अगं आई गं" म्हणून तोंडावर हात ठेवला. बहुधा तिला तिचे सगळे फोन एकदम आठवले असावेत.

"वहिनी," इस्माईलभाई म्हणाले, "गाडी हातात मिळाली की नानांचं पहिलं काम हेच. पूर्वी आम्ही आरसा सरळ करायचो, ते इथेच बसून वाकडा करायचे. मी एकदा म्हटलं, नाना, मागून ट्रक आला तर कळणार कसं? तर म्हणाले, ट्रक हॉर्न देतो. ही देत नाही."

आई पदर तोंडाशी धरून हसली.

"तेव्हा आरसा आम्हीच लावून देणार," इस्माईलभाईंनी जाहीर केलं. "सावंत! इकडे या!"

स्पेअर पार्टच्या काउंटरवरचे सावंत ताडमाड होते. त्यांना नानांच्या जागी बसवलं. मागे आई. गाडी स्टँडवर, वर्कशॉपच्या मधोमध. इस्माईलभाई आरसा इंचाइंचाने फिरवायला लागले.

"दिसतात का वहिनी?"

"हनुवटी दिसतेय. त्यांना ताठ बसायला सांगू नका. हे जरा वाकून बसायचे."

सावंत वाकले.

"एवढे नाही हो! आणि उजवा गुडघा बाहेर. त्यांचा दुखायचा तो."

सावंतांनी गुडघा बाहेर काढला. वॉशिंगवाले पाइप सोडून आले. सोफ्यावरची गिऱ्हाइकं काचेला नाक लावून उभी राहिली. एकाने सुचवलं, "हेल्मेट घालून बघा." दुसऱ्याने विचारलं, "चष्मा होता का त्यांना?" तिसऱ्याने स्वतःचा चष्मा काढून दिला. तो लावल्यावर सावंतांना आरसाच दिसेना! मीही उगाच "डावीकडे, डावीकडे" म्हणून ओरडत होतो, तेव्हा इस्माईलभाई म्हणाले, "दादा, तुम्ही कॉफी घ्या." मी जाऊन गरम पाणी घेतलं.

तेवढ्यात आईचा आवाज आला. "थांबा! हलवू नका."

आईने मान जरा पुढे काढली होती, अंगणात काढली होती तशी. आरशात सावंतांचे डोळे होते. सावंतांनी तिच्याकडे बघितलं आणि भल्या माणसाने पटकन नजर खाली घातली. आई बघतच राहिली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आरसा बरोबर आहे. माणूस चुकलाय."

इस्माईलभाईंनी नट घट्ट केला, तिकडे जाऊन कारण नसताना हवेचा कॉम्प्रेसर सुरू केला आणि त्याच्या धडधडीत पाठमोरे उभे राहिले. सावंत गुडघा तसाच बाहेर ठेवून बसून होते. उतरावं की नाही, हे बिचाऱ्यांना कळत नव्हतं.

घरी निघालो. मारुती मंदिर गेलं, बाजार मागे पडला, वारा सुरू झाला. मला सारखं वाटत होतं, तिने मान पुढे काढली असेल आणि आरशात तिला कोणीच दिसत नसेल. आमच्या गल्लीत वळल्यावर मला राहवेना. मी फूटरेस्टवर उभा राहिलो. हो, चालत्या गाडीवर, बेचाळिसाव्या वर्षी! मान ताणली, टाचा उचलल्या आणि आरशात बघितलं.

आई दिसली. पूर्ण. भरलेले डोळे, वाऱ्याने विस्कटलेले केस आणि माझ्याकडेच लागलेली नजर. चव्वेचाळीस वर्षं नाना रोज हे बघत होते तर! मी डोळ्यांनीच विचारलं, बरी आहेस ना? तिचे डोळे मोठे झाले. मला वाटलं, माया. ती काहीतरी म्हणत होती, वाऱ्यात ऐकू येईना. मी अजून मान ताणली.

ती "चिरे! चिरे!" म्हणत होती.

शेजारच्या कंपाउंडसाठी रस्त्याकडेला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची रास होती. तिला मी डावा आरसा अर्पण केला. नशिबाने पुढे वाळूचा ढीग होता, त्यात आम्ही दोघं अलगद जाऊन बसलो. गाडी आडवी, चाक फिरतंय, आरशाचे तुकडे चिऱ्यांवर. गल्लीतले लोक "लागलं का, लागलं का" म्हणत धावले. लागलं नव्हतं. पण ते तुकडे बघून माझं जे झालं, ते वाळूत बसूनही लपेना. एका आठवड्यात मी तो आरसा दोनदा घालवला होता.

"आई, चुकलो गं," म्हटलं.

आईचे खांदे हलत होते. मी घाबरून जवळ सरकलो, तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"लग्नानंतर मला पूर्णगडला पहिल्यांदा घेऊन निघाले ना," ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "तेव्हा असेच आरशात बघत बसले आणि मला घेऊन गेले ते थेट भाताच्या खाचरात! गुडघाभर चिखल. म्हणाले, कोणाला सांगू नकोस. चव्वेचाळीस वर्षं नाही सांगितलं मी."

नानांची उंची मला मिळाली नाही, कसब मिळालं नाही, गप्प राहणं तर मुळीच नाही. पण गाडीवरून पडण्यात मी अगदी बापावर गेलोय, हे आता खुद्द आईच गल्लीभर सांगत असते.