अप्पांच्या गाडीचे नट-बोल्ट

जुनी गाडी खोलून पुन्हा जोडली, की हमखास दोन-चार बोल्ट उरतात. कुठले, कुणाला ठाऊक! फेकवत मात्र नाहीत. आमच्या तारिहाळच्या शेडमधले किस्से तसेच साठलेत.

दर रविवारी सकाळी जमायचो. गाडी वसंतअण्णाच्या वडिलांची, म्हणजे अप्पांची. अण्णाचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान, शेजारी माझं भांड्यांचं. अप्पांना दिसणं जवळपास बंद झालेलं. डॉक्टर म्हणाले होते, उशीर केलात तर उरलेली नजरही जाईल. पण ऑपरेशनचं नाव काढलं की अप्पांचं एकच, "जाईन तर माझ्याच गाडीतनं!" आणि गाडी कित्येक वर्षं बंद! म्हणून हा सगळा खटाटोप.

*

अण्णाचा हात कापडाचे गठ्ठे आवळणारा. पहिलाच बोल्ट त्यानं दात-ओठ खात आवळला. कटकन डोकं तुटून हातात!

ऊन खात बसलेले अप्पा म्हणाले, "गाडीला कानडीत 'साकु' नाही की मराठीत 'पुरे' नाही, काहीच बोलता येत नाही रे! आपणच ओळखायचं."

*

मग टॉर्क रेंच आणला. नट हवा तेवढा आवळला, की हा पाना 'टक्' करतो, तिथं थांबायचं. अण्णाला तो आवाज इतका आवडला, की थांबेचना. टक्... टक्... टक्...

डबा घेऊन आलेली त्याची बायको, गंगक्का, म्हणाली, "घरी माझं एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही. इथं बघा, एकच गोष्ट तीनदा ऐकायलेत!"

*

चाकाचे नट समोरासमोरचे घ्यायचे, थोडे थोडे आवळत जायचं. पत्र्याच्या भोकांतून ऊन बॉनेटवर पडायचं, हळूहळू सरकायचं. बोलणं आपोआप बंद व्हायचं. फार सुख होतं त्यात.

पण डाव्या चाकाचे नट निघता निघेनात. मी पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहिलो. उड्या मारल्या!

"कुठल्या बाजूला आहात?" अप्पांनी विचारलं.

"डाव्या."

"मग उलटे फिरवा की! जुन्या गाड्यांचे त्या बाजूचे आटे उलटे असतात."

"अहो अप्पा, तासभर उड्या मारतोय, आधी नाही सांगायचं?"

"मला काय दिसतंय? वाटलं, कुणीतरी ताल धरलाय. बरं वाटत होतं ऐकायला."

*

ऑपरेशनच्या दिवशी गाडी धारवाडच्या दवाखान्याकडे निघाली. नव्यानं बसवलेल्या चाकांचे नट थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळावे लागतात, म्हणून रायापूरजवळ झाडाखाली थांबलो. इंजिन बंद करून अण्णा पाना घेऊन उतरला.

"मला नाही जायचं," अप्पा एकदम म्हणाले. "भीती वाटते. गाडी वळव."

अण्णा काकुळतीला आला. मीही बोलून बघितलं. अप्पा ऐकेनात. शेवटी म्हणाले, "सरका, मी चालवतो."

अण्णानं किल्ली काढून खिशात घातली. अप्पा चाचपडत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. "बसा सगळे!" आम्ही मुकाट्यानं मागे बसलो, अण्णाच्या मांडीवर पाना.

अप्पांनी क्लच दाबला, गिअर टाकला. शेजारून बस जात होत्या, आमची गाडी जागची हलत नव्हती. अप्पा स्टिअरिंग फिरवत होते, मध्येच "सरक अक्का, सरक बाजूला!" म्हणून कुणाला तरी ओरडत होते. खिडकीतून वारा येत होता. खरं सांगतो, मलाही झाडं मागं जाताना दिसली.

मग त्यांनी हँडब्रेक ओढला.

"आलं धारवाड," म्हणाले. "चला, कुठाय तुमचा डॉक्टर?"