मामा, अक्का आणि न उघडणारा फोटो

आमच्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस पुण्यात दुसरा नाही, आणि पुण्याच्या बाबतीत हे म्हणणं किती धाडसाचं आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. मामा म्हणजे बायकोचे मामा, बिबवेवाडीचे. जन्मभर एका कारखान्याच्या तपासणी खात्यात होते आणि निवृत्त होताना ते खातंच घरी घेऊन आले. भेंडी एकेक मोडून पाहतात, शेजारून आलेला प्रसाद आधी हुंगतात. मुलीने परदेशातून भारी कॅमेरा पाठवला, तेव्हा खरे फोटोग्राफर म्हणे ‘रॉ’मध्येच फोटो काढतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात सोडलं. झालं. तेव्हापासून मामांचा प्रत्येक फोटो म्हणजे एक कच्ची, अवजड फाईल असते आणि ती एकाही नातेवाइकाच्या संगणकावर उघडत नाही. घरातली सगळी बारशी, मुंजी, लग्नं त्यांनी टिपली आहेत आणि ती कुणीही पाहिलेली नाहीत. तक्रार केली की मामा शांतपणे म्हणतात, “फोटोत दोष नाही. तुमच्याकडे बघायची सोय नाही.”

हे असंच चाललं असतं, पण विश्रांतवाडीच्या अक्कांची, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची, नजर अधू व्हायला लागली. त्यांच्या वाढदिवसाला जमलेल्या सगळ्या गोतावळ्याचा फोटो मामांनी काढला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्कांना नुसते ठिपके दिसायचे. दिसतंय तोवर सगळ्यांना एकदा मोठं करून बघायचंय, एवढंच त्यांचं मागणं. मी मामांना सांगितलं की इंटरनेटवर अशा साइट आहेत, रॉ फाईल चढवली की साधा जेपीजी फोटो हातात येतो, तोही फुकट. “फुकट?” मामा म्हणाले. “इथे कुणी पत्तासुद्धा फुकट सांगत नाही.” तरी चाचणी म्हणून त्यांनी प्रेशर कुकरचा फोटो चढवला. तो बदलून परत आल्यावर स्वयंपाकघरातून खरा कुकर आणून संगणकाशेजारी ठेवला आणि झाकणावरचा पोचा जागच्या जागी आहे ना, हे भिंगातून पाहिलं. मामी डाळ धुऊन ताटकळत उभ्या होत्या.

कुकर पास झाला. पण माणसांचं तसं नाही, असं मामांचं मत पडलं. परक्या यंत्रात कुणाचा चेहरा त्याला न विचारता पाठवायचा कसा? मग ते स्कूटर काढून फोटोतल्या एकेकाच्या घरी गेले. “आपला चेहरा दोन मिनिटं परदेशी जाऊन येईल. हरकत असल्यास आत्ताच सांगा.” लोकांनी हसून, चहा पाजून परवानग्या दिल्या. राहिले सदाशिव पेठेतले धाकटे मामा. एका मिक्सरचं झाकण कुणी हरवलं यावरून या दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. फोटोतही दोघं दोन टोकांना उभे होते. त्यांना वगळा, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. मामा गेलेच. धाकट्यांनी दार न उघडता जाळीतूनच सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मी कसा आलोय?”

“डोळे मिटलेत आपले,” मामा म्हणाले.

“मग हरकत आहे. दुसरा काढा.”

पुढच्या रविवारी दोघे भाऊ एकाच स्कूटरवरून विश्रांतवाडीला पोचले. मीही होतो. तोवर अक्कांना समोरचं माणूस आवाजावरूनच ओळखावं लागत होतं. धाकटे म्हणाले, खिडकीकडे तोंड करू, उजेड बरा आहे. मामा म्हणाले, मला उजेड शिकवू नकोस. बघता बघता ‘आपण’ गेलं, ‘अरे’ आलं आणि आवाज जिन्यापर्यंत गेले. मी मध्ये पडणार, तेवढ्यात अक्कांनी चाचपडत माझा हात धरला.

“फोटो राहू द्या, जावईबापू,” त्या म्हणाल्या. “भांडू देत. लहानपणी अस्सेच भांडायचे.”

त्या दिवशी फोटो निघालाच नाही. दोघांचे आवाज टिपेला पोचले होते आणि अक्का डोळे मिटून ऐकत होत्या.